जवाईबापूचं पाणी

फोन आला तेव्हा मी मळ्यात वांगी तोडत होतो. धाडच्या बाजाराचा दिवस, जीप भरायची घाई, म्हणून फोन खिशात वाजून वाजून बंद पडला तरी मी घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. पोरगी होती, वर्षा, डोणगावहून. रडत नव्हती. "बाबा, तुमी या," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "काऊन? काय झालं?" तर म्हणाली, "या फक्त…" आणि फोन तसाच चालू राहिला. तिच्या मागं माणसांची ये-जा ऐकू येत होती, एक भांडं पडलं, कोणीतरी बाई 'प्रमोद, अरे प्रमोद' म्हणत होती. मला समजलं. वांग्याचा काटा बोटात मोडला होता, तो मला दुसऱ्या दिवशी दिसला.

आता पुढचं लिहायची मला लाज वाटते, पण लिहायलाच बसलो तर खरं लिहावं. जवाई गेला हे कळल्यावर मी घरी आलो, धोतर बदललं, आणि निघायच्या आधी माठातलं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. झाकण घट्ट लावलं. अकरा वर्षं पोरीकडं जाताना जे करत आलो तेच त्या दिवशीही केलं. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

आमच्यात रिवाज आहे. पोरीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये. आता कोणी पाळत नाही, मी पाळला. वर्षाला लेकरू झालं नाही. माझ्या बायकोला जाऊन पाच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मेहकरच्या दवाखान्यातून ती दोन दिवस पोरीच्या घरी राहिली, तर गोळी गिळायलासुद्धा तिनं माझ्या कॅनमधलंच पाणी घेतलं. तिनं जे जाता जाता पाळलं ते मी मोडू कसा? असं मी सगळ्यांना सांगायचो. शिवाय मी एकदा धरलेलं सोडत नाही, हे धाडात कोणालाही विचारा, माझ्या बैलांना विचारा.

बापू म्हणजे प्रमोद, माझा जवाई. वय त्रेचाळीस. छातीत कळ आली म्हणून खुर्चीतून उठले, खाली येता येता जिन्यातच बसले, ते बसलेच. बापू सॉफ्टवेअर लिहायचे. लग्नाच्या वेळी ते पुण्याला नोकरीला होते, काचेच्या इमारतीत, आणि मी ती काच न पाहताच गावभर सांगत फिरलो होतो. काही वर्षांनी नोकरी तीच ठेवून ते डोणगावला परत आले. वरच्या खोलीत टेबल टाकलं, कॉम्प्युटरचे दोन मोठे पडदे मांडले, आणि तिथूनच काम करू लागले. मला ते पटलं नाही. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत नाही त्याला कामाचा माणूस म्हणावं कसं? एकदा पाहुण्यांमध्ये मी बोललो, "आमचे बापू रोज कामाले जातेत. जिना चढून." लोक हसले. बापूही हसले. म्हणाले, "चौदा पायऱ्या हायेत मामा. येता का कामावर?" आणि माझा हात धरून मला वर घेऊन गेले.

पडद्यावर काळ्या पाटीसारखं होतं आणि त्याच्यावर रंगीत अक्षरं, सगळी इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही मोडतमोडत. मी म्हटलं, "हे काय लिवून राह्यले?" बापू जरा विचार करून म्हणाले, "मामा, तुमी वांग्याले पानी कसं देता?" म्हटलं, "हे काय इचारनं झालं? दांडानं येते, पाटानं. एक वाफा भरला की तोंड बुजायचं, दुसऱ्याचं फोडायचं." ते म्हणाले, "मी तेच करतो. वाफा भरला तर पुढं जाय. नाही भरला तर थांब. फक्त फावडं घेऊन उभं राह्याचं नाही, आधीच सगळं लिवून ठेवायचं. मग मी झोपलो तरी पानी आपल्या आपल्यानं वळते." मी बराच वेळ त्या अक्षरांकडं पाहत राहिलो. मग विचारलं, "आन् दांड फुटला तं?" बापू खुर्चीतच वळले. टेबलावर हात मारून हसले. "मामा, तोच तं माझा दिवसभराचा धंदा हाय!"

त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा बंद केली. म्हणजे जवळजवळ बंद केली. पण पाणी कॅनमधलंच प्यायलो. वर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, मी झाकण उघडायचो, वरून धार धरून प्यायचो. ती पाहायची आणि आत जायची. मला वाटायचं, बापाचा नेम पाहून पोरीला अभिमान वाटत असेल…

गेल्या माघात बापूंचा फोन आला. त्यांच्यासारख्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरापोरींचं तीन दिवसांचं संमेलन होतं, आणि ते बापूंनी पुण्या-मुंबईला न घेता इकडंच भरवलं होतं, मेहकरच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. अकोल्याहून, जालन्याहून, नागपूर-पुण्याहून लोक आले होते. म्हणाले, "मामा, उद्या शेवटचा दिवस. काला हाय म्हना ना आमचा. तुमी आले पाह्यजे." काला म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना. सप्ताहातले सहा दिवस माणूस चुकवतो, काल्याचा दिवस चुकवत नाही. पहाटे धुतलेलं धोतर नेसलो, भाकर बांधली, कॅन भरली, आणि धाडहून बुलढाणा, तिथून मेहकर, अशा दोन एसटी बदलून गेलो.

कार्यालयाच्या फाटकात बापू उभेच होते. पोरीच्या लग्नात बाप उभा राहतो तसे… डोळे लाल, तीन दिवस झोप नाही. त्यांनी माझ्या गळ्यात निळ्या पट्टीचं कार्ड घातलं. तिथं प्रत्येकाच्या गळ्यात तसं कार्ड होतं, त्यावर नाव आणि खाली काय काम करता ते. माझ्यावर मराठीत होतं, 'विश्वनाथ, धाड' आणि खाली 'काम : पाणी वळवणे'. मी म्हटलं, "बापू, लोक हसतीन ना." ते म्हणाले, "हसू द्या. अठी सगळेच पानी वळवनारे हायेत, खरं लिवलेलं फक्त तुमचंच हाय." एका पोरीनं थांबून ते वाचलं आणि मला हात जोडले. मी छाती जरा पुढं काढून चालू लागलो, हे कबूल करतो.

आतला हॉल मला अजून स्वप्नातल्यासारखा आठवतो. लग्नाच्याच खुर्च्या, पांढरे कपडे घातलेल्या, पाठीला सोनेरी रिबिनीची गाठ. जिथं नवरा-नवरी बसतात तिथं मोठा पांढरा पडदा. खिडक्यांना जाड पडदे ओढलेले, त्यामुळं दिवसा आत सांजवेळ. पोरंपोरी मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलेली आणि सगळ्यांची बोटं चाललेली, त्याचा आवाज सुपात तूर घोळवावी तसा, सर्रऽ सर्रऽ, थांबून पुन्हा सर्रऽ. पुढं एक जण बोलत होता. मला त्यातला एकही शब्द समजत नव्हता आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. कीर्तनातलं तरी मला सगळं कुठं समजतं? पंखा फिरत होता, पडद्यावर अक्षरं खालून वर चालली होती, एकामागं एक, ओळीनं, आणि पाहता पाहता मला ते पाणीच वाटायला लागलं… निळं पाणी, दांडातून सरकत येणारं, एका वाफ्यातून दुसऱ्यात. माझी बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती. डोक्यावर पदर. ती त्या पोरापोरींकडं पाहत म्हणाली, "केवढी लेकरं हो ही… जेवली असतीन का?" मी म्हटलं, "तू कवा आली?" तर टाळ्या झाल्या. डोळे उघडले. शेजारच्या खुर्चीवर माझी कॅन होती.

दुपारी जेवणाची टेबलं मांडली. पंगत नव्हती, ज्यानं त्यानं ताट घेऊन वाढून घ्यायचं. वांग्याची भाजी होती, वास थेट माझ्यापर्यंत येत होता. पण यजमान कोण? जवाई. मी आपली भाकर आणि कॅन घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं बापू ताट घेऊन आले आणि चांगली पँट घातलेले तसेच खाली मातीत बसले. ताटाला हात लावला नाही.

"मामा, काल्याच्या दिवशीबी आपलीच भाकर?"

"काला देवाचा असते बापू. हे जेवन तुमचं हाय."

"माझं कुठून? काल्यात काय करतेत सांगा बरं. ज्यानं त्यानं आपली शिदोरी आणली अन् एका हंडीत कालवली. मग कोनाचं दही, कोनाच्या लाह्या, समजते काय? आमचंबी तसंच हाय. हे पोट्टे घरी बसून लिवतेत अन् सगळ्याईच्या हंडीत टाकतेत. नाव नाही, मालकी नाही. ज्याले लागंन तो घेते. मीबी टाकलं हाय, मीबी घेतलं हाय. तीन दिवसांपासून अठी तेच चालू हाय." मग ताट माझ्यासमोर सरकवून म्हणाले, "तुमची भाकर मोडा ह्याच्यात. अर्धी तुमची, अर्धी आमची. मग सांगा कोनाचं अन्न हाय ते."

खरं सांगतो, माझा हात भाकरीकडं गेला होता. बोलणं पटलं होतं. पण पटलेलं मान्य करायला मला नेहमीच वेळ लागतो. मी म्हटलं, "तुमाले बोलता येते. मले येत नाही. पन माझा नेम हाय."

बापूंनी ताट मागं ओढलं नाही. झाडाच्या सावलीकडं पाहत हळूच बोलले, "माझं राहू द्या मामा. मी काय, मी हसून सोडून देतो. पन तुमी कॅनचं झाकन उघडता ना, तवा तिले काय ऐकू येते, सांगू? तुले लेकरू नाही, तुले लेकरू नाही. दर खेपेले. तुमी गेल्यावर ती तुमच्यासाठी काढलेला गिलास धुते. कोरा गिलास. वापरलेला नाही, तरी धुते."

माझी नजर कॅनच्या झाकणावर गेली. आणि त्याच्यामागून राग आला. जवाई सासऱ्याला शिकवतो? मी म्हटलं, "बापू, माझ्या पोरीचं मन मले तुमी सांगू नका." ते म्हणाले, "हाव मामा." ताट उचलून उठले, पँटची माती झटकली आणि गेले. मी भाकर खाल्ली. तिची चव मला आठवत नाही.

मी त्याच पावली एसटीला जाणार होतो. पण टोपी आत राहिली होती, ती घ्यायला गेलो तर आत वेगळंच. शेवटचं भाषण बापूंचं होतं, आणि पोरं बॅगा उचलून निघायला लागली होती. कोणाला पाचची गाडी, कोणाला जीप. वरून त्याच कार्यालयात संध्याकाळी कोणाची तरी हळद होती, तर मांडववाले झेंडूच्या माळांचे ढीग घेऊन मागून आत शिरलेले, शिडी लावून माळा बांधत होते. समोर बापू माईक धरून उभे, अर्ध्याअधिक खुर्च्या मोकळ्या. भाषण सुरू न करता ते नुसते हसून निघणाऱ्यांना हात करत होते.

आता राग रागाच्या जागी, पण काल्याच्या आधी माणसं उठलेली मी जन्मात पाहिली नव्हती. सप्ताहात शेवटच्या दिवशी तर बसायला जागा नसते! मी दारात जाऊन आडवा उभा राहिलो. एका हातात टोपी, एका हातात कॅन.

"बसा! कुठी चालले? काल्याच्या आधी कोनी उठते काय बे?"

सगळे दचकले. एक उंच पोरगा म्हणाला, "बाबा, माझी नागपूरची गाडी आहे."

"नागपूर कुठी पळून जाऊन राह्यलं? बस."

मघाशी हात जोडले होते ती पोरगी बॅग छातीशी धरून हसत म्हणाली, "आजोबा, शेवटची बस चुकली तर?"

"तं धाडले चाल माझ्या घरी. पन माझा जवाई बोलल्याबिगर जाऊ देनार नाही. त्यानं तीन दिवस तुमचं उष्टं काढलं, तुमाले घडीभर बसवत नाही?"

पहिल्यांदा तो उंच पोरगा बसला. मग ती. मग मागून हसत हसत एकेक जण परत आला. मांडववाला शिडीवरून म्हणाला, "आमी काम करू का बसू?" मी म्हटलं, "तूबी बस," आणि तो खरंच शिडीच्या पायरीवर बसला, गळ्यात माळा घेऊन. मी बापूंकडं पाहिलं नाही.

आणि तेवढ्यात लाईन गेली. पडदा काळा झाला, माईक बंद, पंखे हळूहळू थांबले. कोणीतरी खिडकीचा जाड पडदा ओढला आणि उतरतीचं पिवळं ऊन आत आलं, सरळ झेंडूवर. बापू खाली उतरले आणि पोरांच्या मधोमध खुर्ची उलटी करून बसले. पडद्यावर दाखवायचं होतं ते राहून गेलं. काय बोलले ते सगळं मी सांगू शकत नाही, पण एवढं समजलं, कारण तेवढं त्यांनी आमच्या बोलीत सांगितलं. "मले हे काम लय लोकाईनं शिकवलं. पन सगळ्यात चांगला सवाल ह्या दारातल्या मानसानं इचारला होता. दांड फुटला तं? तुमी काईबी लिवा, आधी हा सवाल सोताले इचारा. जे आपन पक्कं बांधलं असं समजतो ना, तेच कुठंतरी फुटून राह्यलं असते, अन् पानी जाते कोरड्यात. जो बांधते त्याले सगळ्यात शेवटी दिसते…" ते माझ्याकडं पाहत नव्हते. त्या उन्हात सगळं इतकं शांत होतं की झेंडूची पाकळी खाली पडलेली दिसली. मी दारात उभा होतो आणि हॉल माझ्यापासून दूर दूर जात असल्यासारखं वाटत होतं, जसं ताप आल्यावर घराची भिंत दूर जाते.

शेवटी सगळ्यांना एकेक स्टीलची बाटली वाटली, संमेलनाची आठवण म्हणून. बापूंनी माझी स्वतः जाऊन भरून आणली. दोन्ही हातांनी पुढं केली. माझी कॅन तोवर रिकामी झाली होती आणि गळा ओरडून सुकला होता. मी म्हटलं, "बस येऊन राह्यली बापू," आणि बाटली शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिली. ते म्हणाले, "बरं मामा. मी घरी नेतो. तुमची हाय थे, तुमच्यासाठीच राहीन." मेहकरपासून धाडपर्यंत मी तहानेला आलो. बसस्टँडवर पाणी होतं, पण तेही प्यायलो नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी तीनदा डोणगावला गेलो. तिन्ही वेळा बापूंनी ती बाटली ताज्या पाण्यानं भरून माझ्या बाजेजवळ ठेवली. घ्या म्हणाले नाहीत, लिंबाखालचं बोलणं पुन्हा काढलं नाही. मी माझ्या कॅनचं पाणी प्यायलो. पण झाकण उघडायला मी आता बाहेर अंगणात जात होतो, आवाज होऊ नये म्हणून. मला वाटलं, हळूहळू जमेल. पुढच्या खेपेला पाहू… असं मी तिन्ही वेळा मनात म्हटलं. चौथ्या खेपेला बापू खाली जमिनीवर निजवलेले होते, आणि माझ्या हातात भरलेली कॅन होती.

तेराव्यालाही मी तिथं जेवलो नाही. आलेले लोक म्हणाले, म्हातारा नेमाचा पक्का. मी पहिल्यांदाच ते ऐकून खाली पाहिलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. कॅन घरीच, माठाजवळ ठेवून गेलो. एसटीत हात मोकळा मोकळा वाटत होता, सारखं मांडीजवळ चाचपत होतो. वर्षा भाजी निवडत होती. मी तिला म्हटलं, वर जाऊन येतो. चौदा पायऱ्या चढलो, मोजून. खोलीत दोन्ही पडदे काळे. खुर्चीच्या पाठीवर बापूंचा टॉवेल तसाच. खिळ्याला निळ्या पट्टीचं माझं कार्ड टांगलेलं होतं. ते मी त्या दिवशी हॉलमध्येच विसरलो होतो, मला वाटलं हरवलं. टेबलावर, त्यांचा उजवा हात जिथं असायचा तिथं, ती स्टीलची बाटली. उचलली तर जड. भरलेली.

वर्षा मागून आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "मी भरते रोज सकाळी. थे भरत होते म्हनून…"

मी बापूंच्या खुर्चीत बसलो. झाकण फिरवलं. आवाज झालाच. मी तिच्याकडं पाहिलं आणि तोंड लावून प्यायलो, वरून धार न धरता. पाणी साधंच होतं, डोणगावच्या नळाचं, जरासं मचूळ. घशाखाली उतरताना मला समोरच्या काळ्या पडद्यात माझा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या मागं दारात उभी माझी पोरगी. तिनं पदर तोंडाला लावला होता. बाटली रिकामी होईपर्यंत ती हलली नाही.

मग ती जवळ आली, माझ्या हातातून बाटली घेतली. अकरा वर्षांत तिला मला कधी विचारता आलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"आनखी देऊ, बाबा?"

मी म्हटलं, "हाव. दे."